पंचावन्न इंचांची भिंत

"आमचं काहीच मागणं नाही," असं नवऱ्या मुलाची, अभिनवची, आई कौमुदीबाई रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या कार्यालयात उभ्या राहून म्हणाल्या, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. साक्षगंधात कोणी टाळ्या वाजवत नाही, पण त्या दिवशी वाजल्या. "पोरगी द्या अन् नारळ द्या. अभिनवच्या बाबांची हीच इच्छा होती," असं म्हणून त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. माझा धाकटा भाऊ रामकृष्ण याचेही डोळे भरून आले. नवरी मुलगी अनुश्री ही त्याची एकुलती एक.

मी रामकृष्णचा थोरला भाऊ. लग्न केलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि ब्राह्मणपाऱ्यात रामकृष्णच्याच घराच्या वरच्या खोलीत राहतो. अनुश्री मला मोठेबाबा म्हणते. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते, आणि जे बोलायचं राहिलं ते मी नंतर जिना चढताना मनात नीट जुळवतो. त्यामुळे पुढे दुकानात जे घडलं ते माझ्याकडून कसं घडलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

साक्षगंधानंतर रामकृष्ण पाराभर, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्यात, छाती काढून फिरत होता. रेल्वेत क्लार्क होता तेव्हाही मी त्याला इतकं ताठ चालताना पाहिलं नव्हतं. शेजारचे कापडवाले हिरालाल ओट्यावर बसले असले की हा मुद्दाम थांबायचा. हिरालालने मागल्या वर्षी मुलगी बिलासपूरला दिली, तेव्हा पलंगापासून पिठाच्या चक्कीपर्यंत सगळं सामान टेम्पोत भरून गेलं होतं आणि आमच्या घरातून आम्ही ते नाक मुरडून पाहिलं होतं.

"हमारे मराठी लोगों में ये सब नहीं चलता, भैया," रामकृष्ण म्हणाला. "मांगते ही नहीं."

"नहीं चलता होगा," हिरालाल पान गालात सरकवत म्हणाले. "हमारे में तो पहले ही मुँह से बोल देते हैं. बोल दिया तो मोलभाव भी हो जाता है. आपके में कोई बोलता ही नहीं, तो आदमी ना किसको बोले?"

रामकृष्णने हे घरी येऊन विनोद म्हणून सांगितलं. आम्ही सगळे हसलो.

मंत्रालय नव्या रायपुरात हललं, त्याच्या पुढचा तो उन्हाळा. अभिनव तिकडेच एका खात्यात नोकरीला होता आणि त्याला नव्या रायपुरात क्वार्टर मिळालं होतं. समता कॉलोनीतलं भाड्याचं घर सोडून मायलेक तिकडे राहायला गेले होते. मुलगा दिसायला बरा, बोलायला मऊ. मराठी समजायचं त्याला, पण उत्तर हिंदीत द्यायचा. त्याबद्दल मी काही म्हणत नाही, इथली सगळीच पोरं तशी आहेत.

मग एके दिवशी कौमुदीबाईंचा फोन आला. घेतला सुशीलाने, म्हणजे अनुश्रीच्या आईने.

"रविवारी टीव्ही पाहायला चाललो जी आम्ही," कौमुदीबाईंचा आवाज फोनमधून अख्ख्या स्वयंपाकघरात ऐकू येत होता. "तुम्ही सगळे या. अनुश्रीची पसंती पाहिजे. शेवटी बसून पाहायचं तर तिलेच आहे न."

फोन ठेवून सुशीला माझ्याकडे वळली. "पाहा भाऊजी. कुठं मिळते अशी सासू? टीव्ही घ्यायले सुनेची पसंती विचारते."

"मले तर टीव्ही पाहायले वेळच नाही मिळत," अनुश्री म्हणाली. ती समता कॉलोनीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. सकाळी लोकांचं रक्त काढायची आणि संध्याकाळपर्यंत त्याचे रिपोर्ट करायची. "मोठेबाबा, तुम्हीबी चला. डब्यावरचं बारीक अक्षर तुमच्याशिवाय कोण वाचते?"

म्हणून मी गेलो. बारीक अक्षर वाचायला.

दुकान थंड होतं आणि कसल्याशा खोट्या मोगऱ्याचा वास मारत होतं. दोन्ही भिंतींवर छतापर्यंत टीव्ही लावलेले, आणि सगळ्यांवर एकच चित्र. आधी एक टोमॅटो. माणसाच्या डोक्यापेक्षा मोठा, ओला, इतका लाल की तो भाजी न वाटता शस्त्रक्रियेतलं काहीतरी वाटावं. मग सुरी येते, टोमॅटो हळूहळू चिरला जातो, बिया सावकाश घरंगळतात. मग मध. मधाची जाड तार ओघळते, ओघळतच राहते. मग कोणाचे तरी ओठ. उष्टं, चिकट असं काहीतरी आपल्या अंगावर कोणी सांडतंय आणि आपण त्याचं कौतुक करायला उभे आहोत, असं वाटत राहिलं. मी डोळे खाली केले. फरशी इतकी चकचकीत होती की टोमॅटो तिच्यातही चिरला जात होता.

कौमुदीबाई आणि अभिनव आमच्या आधीच येऊन बसले होते. दुकानातला विक्रेता त्यांच्यासाठी थंड पाण्याच्या बाटल्या घेऊन आला.

"आंटी, वही वाला लगा के रखा हूँ," तो म्हणाला.

'वही वाला' हे मी ऐकलं. पण विक्रेते प्रत्येकाशीच जुनी ओळख असल्यासारखे बोलतात, असं मनाशी म्हणून मी ते सोडून दिलं.

त्याने आम्हाला दोन टीव्हींसमोर उभं केलं. एक चाळीस इंची, दुसरा पंचावन्न. "ये मिड रेंज है, अंकलजी, अच्छा चलता है, कंप्लेंट नहीं है. और ये हाई एंड. इसमें इंटरनेट है, थ्रीडी है, रिमोट की भी जरूरत नहीं. हाथ हिलाओ, चैनल बदल जाता है."

अभिनवने हात हलवला. काही झालं नाही. विक्रेता म्हणाला, थोड़ा सामने से, सर. अभिनवने पुन्हा हलवला. मग कौमुदीबाईंनी हलवला, आधी हळू, मग माश्या हाकलल्यासारखा. शेवटी चॅनेल बदललं, तेव्हा त्या रामकृष्णकडे वळून म्हणाल्या, "पाहा जी. माणसाले उठायचंबी काम नाही."

मग थ्रीडी पाहायचे काळे चष्मे आले. एका ट्रेमध्ये सात-आठ चष्मे, कित्येकांच्या नाकावरून उतरलेले. माझ्या हातात आला त्याची नाकाची पट्टी चिकट आणि कोमट होती. तो मी माझ्या चष्म्यावर चढवायचा प्रयत्न केला आणि तो घसरून पडला, म्हणून मी त्यातून सुटलो. त्या काळ्या चष्म्याशिवाय पडद्यावर पोहणाऱ्या एकेका माशाचे दोन मासे दिसत होते, कडा फाटलेले. सोफ्यावर मात्र कौमुदीबाई, अभिनव आणि माझा भाऊ ओळीने काळे चष्मे लावून बसले होते, तोंडं अर्धवट उघडी. कौमुदीबाईंनी हात पुढे करून हवेतला मासा पकडायचा प्रयत्न केला आणि खुदकन हसल्या. रामकृष्णही हसला. त्याचा हात मात्र मांडीवरच होता.

"अनुश्री, तूच सांग बाई," कौमुदीबाईंनी चष्मा न काढताच विचारलं. "तुले कोणता आवडला?"

"चाळीसवाला," अनुश्री म्हणाली. तिने चष्मा लावलाच नव्हता. "चित्र चांगलं आहे त्याचं. हा मोठा अंगावर आल्यासारखा वाटते."

पडद्यावर मासे दोन-दोन होऊन फिरत होते.

"साधी आहे जी तुमची पोरगी," कौमुदीबाई मग चष्मा काढून हसल्या. "गुणाची आहे. पण तिले आमच्या भिंतीचा अंदाज नाही न. नव्या क्वार्टरचा हॉल एवढा आहे, एवढा आहे, की त्यात हा चाळीसवाला म्हणजे पोस्टाचं तिकीट. पण मी काही म्हणत नाही. मोठ्यांनी ठरवावं. कसं जी?"

हे 'कसं जी' रामकृष्णला होतं.

"तुमची पसंती तेच आमची, विहीणबाई," तो म्हणाला.

"तो फिफ्टी-फाइव फाइनल," विक्रेता म्हणाला. "बिल किसके नाम से बनेगा?"

प्रश्न साधा होता. पण तो विचारल्याबरोबर कौमुदीबाईंना पर्समधला रुमाल सापडेना. अभिनवने डोक्यावर सरकवलेला काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला आणि तो माशांकडे पाहू लागला. अशी चपळाई मी त्याच्यात आधी पाहिली नव्हती. कोणी काही मागितलं नाही. कोणी आमच्याकडे पाहिलंही नाही. फक्त ती दोघं त्या प्रश्नातून अंग काढून बाजूला झाली, जशी माणसं रस्त्यावर कोणी ओकलं की न बोलता बाजूला होतात. मध्ये जी जागा उरली तिच्यात माझा भाऊ एकटाच उभा होता.

रामकृष्णच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. त्याला कळलं होतं. आणि कळूनही त्याला काही करता येणार नव्हतं, हेही त्याला कळलं होतं. "आम्ही द्यायचं का?" असं विचारलं असतं तर कौमुदीबाई दुखावल्या असत्या, आम्ही कधी मागितलं जी? "चाळीसवालाच घेऊ" म्हटलं असतं, तर दुसऱ्याच्या घरासाठी स्वस्तातला निवडणारा बाप ठरला असता. जे मागितलंच नाही त्याला नाही म्हणता येत नाही. पाराभर ज्या गोष्टीचा अभिमान त्याने मिरवला होता, तीच गळ्याशी आली होती. त्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. तिथे चेकबुक होतं. म्हणजे घरून निघतानाच त्याने ते घेतलं होतं. ते पाहून मला सगळ्यांत जास्त किळस आली. कौमुदीबाईंची नाही. आमची.

"माझ्या—" रामकृष्णने सुरुवात केली.

"अभिनव के नाम से," मी म्हणालो.

विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"टीव्ही उनके घर लगेगा," मी म्हणालो. माझा आवाज मला दुसऱ्याच कोणाचा वाटत होता. "गारंटी में नाम उन्हीं का रहना चाहिए. नहीं तो बाद में दिक्कत होती है."

जन्मभर मी पुस्तक ज्याच्या हातात जाईल त्याच्याच नावावर लिहीत आलो. तेव्हा ते मी धैर्याने बोललो की सवयीने, याबद्दल माझी खात्री नाही. पण विक्रेत्याला माझं म्हणणं अगदी पटलं. "सही बोल रहे हैं अंकलजी," म्हणून तो अभिनवसमोर जाऊन उभा राहिला. "सर, पेमेंट कार्ड से करेंगे?"

अभिनवने चष्मा काढला. त्याने आईकडे पाहिलं. कौमुदीबाईंना रुमाल सापडला होता. त्या तो हातात घेऊन पंचावन्न इंची टीव्हीकडे पाहत राहिल्या, आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला. नकलाकार पगडी बदलतो तसा, आमच्यादेखत.

"अगं बाई, इतका मोठा काहून घेता पण?" त्या म्हणाल्या. "माझे तर डोळे दुखून आले. अन् हे काळे चष्मे, कोणाकोणाचे लावलेले. छी. पोरगी बरोबर म्हणते. चाळीसवाला काय वाईट आहे? चित्र तर तेच आहे."

"और थ्रीडी, आंटी?" विक्रेत्याने विचारलं.

"काय करायचं थ्रीडीचं? मासोळ्या पाहायच्या काय?"

अभिनवने चाळीस इंचीचं बिल केलं. जाताना कौमुदीबाई अनुश्रीच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "तुझीच पसंती घेतली, पाहा." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

घरात पाय ठेवल्याबरोबर रामकृष्ण फुटला.

"दादा, तुले काय गरज होती मधात बोलायची? जन्मात कधी बोलला नाही, अन् आजच वाचा फुटली?"

"ते तुझ्याकडून घेत होते," मी म्हणालो.

"मग? मी काय लहान पोट्टा आहो? मले समजत नव्हतं? मी म्हटलं असतं माझ्या नावानं करा. त्यांनी नाही-नाही म्हटलं असतं. मी पुन्हा म्हटलं असतं. असंच असते ते. रुखवतात मांडला असता तर शोभला असता."

"त्यांनी नाही-नाही म्हटलं नसतं," अनुश्री म्हणाली.

"तू चूप बस. तुले काय समजते?"

सुशीला डोळे पुसत होती. "अन् त्या स्वतःच देणार नव्हत्या कशावरून, भाऊजी? बिचारी रुमाल शोधून राहिली होती. तुम्ही पुस्तकं वाचून वाचून माणसांत खोट पाहता."

वर जाऊन मी पडून राहिलो आणि तेच घोकत बसलो. खरंच, त्यांनी मागितलं काय होतं? रुमाल शोधणं हा गुन्हा नाही. मुलगा चष्मा लावून मासे पाहत होता. मासे पाहायलाच आला होता तो. ती बाई लवकर विधवा झाली, शिवणकाम करून मुलाला शिकवलं तिने, आणि मी कोण? ज्याने कधी संसार केला नाही, कोणाच्या घरी लेक पाठवली नाही, असा एक कोरडा म्हातारा. माझ्या किळसेवरही माझा विश्वास बसेना. माणसाला ज्या व्यवहारात स्वतःला जमत नाही, तो त्याला घाणेरडा वाटतो, असंही असेल.

दोन दिवसांनी फोन आला. कौमुदीबाई रागावल्या नव्हत्या. त्या रडत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं. "आम्ही काही मागितलं का जी? दुकानात चार लोकांसमोर आम्हाले भिकारी ठरवलं. माझा पोरगा जेवला नाही त्या दिवशी."

"तू जाऊन माफी मागून ये," रामकृष्ण मला म्हणाला. लग्न मोडलं तर पाऱ्यात काय तोंड दाखवायचं, हे तो बोलला नाही. पण हिरालालच्या ओट्यासमोरून जाणं त्याने त्या दिवसापासून बंदच केलं होतं. मागच्या गल्लीने जायचा. "दोन शब्दांनी तुझं काही जाणार नाही, दादा. पोरीचं आयुष्य आहे."

मी हो म्हणालो. मला ते पटलंही होतं.

"मी नेते मोठेबाबांना," अनुश्री म्हणाली. "मलेबी त्यांचं घर पाहायचं आहे. अजून पाहिलंच नाही न."

तिच्या स्कूटीवर मागे बसून मी नव्या रायपूरला गेलो. मांडीवर सुशीलाने दिलेला करंज्यांचा डबा. रस्ते इतके रुंद आणि इतके रिकामे होते की कोणाची तरी वाट पाहून ते थकले असावेत. मधल्या दुभाजकावर लावलेली झाडं अजून काठीएवढीच होती आणि त्यांची सावली पानाएवढी. वाटेत मी मनातल्या मनात माफीचं वाक्य जुळवत होतो. 'माझ्या बोलण्याने तुमचं मन दुखावलं असेल तर—' यातला 'असेल तर' मला खटकत होता. तो काढला. मग पुन्हा घातला.

कौमुदीबाईंनी दारातच माझे पाय धरल्यासारखं केलं. "या, या, मोठेबाबा. आमचं काही मनात नाही. अभिनव, पाणी आण." आम्हाला त्यांनी हॉलमध्ये सोफ्यावर बसवलं. सोफा नवा होता, त्याचं प्लॅस्टिक अजून काढलं नव्हतं. उन्हातून आल्यामुळे ते पाठीला चिकटत होतं.

आमच्या समोर ती भिंत होती. खरंच मोठी होती, त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. आणि तिच्या बरोबर मधोमध एक लोखंडी चौकट पक्की बसवलेली होती. काळी, रुंद, दोन लांब पट्ट्यांची. टीव्ही अडकवायचा ब्रॅकेट. त्याच्यामागून भिंत फोडून नळी घातली होती, वरून प्लास्टर केलं होतं, रंगही दिला होता. नळीतून एक वायर बाहेर लोंबत होती. खाली नवं लाकडी कपाट, त्यावर दोन बाजूंना दोन काचेची हरणं, आणि मधली जागा मोकळी. आम्ही दोघं त्या रिकाम्या चौकटीकडे तोंड करून बसलो होतो, जसं काही तिच्यावर काही सुरू होणार होतं.

"टीव्ही कुठं लावला, काकू?" अनुश्रीने विचारलं.

"आत, माझ्या खोलीत. मले एकटीले तेवढा पुरते." कौमुदीबाई करंज्या ताटलीत काढत होत्या. "हॉलचं अजून व्हायचं आहे. आम्ही काही म्हणत नाही. लग्नापर्यंत होईल तसं होईल."

माझं वाक्य तयार होतं. जिभेच्या टोकावर होतं. मी त्या चौकटीकडे पाहत राहिलो आणि ते वाक्य तोंडातच आंबलं.

अनुश्री अभिनवकडे वळली. तो पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता. "ये कब लगवाया?" तिने विचारलं. अगदी सहज, जसं ती रुग्णाला शेवटचं कधी जेवलात म्हणून विचारत असेल.

"ये? ये तो सगाई के पहले ही लगवा लिए थे," तो म्हणाला. त्याला लपवायचं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. "इलेक्ट्रीशियन आया हुआ था, तो एक बार में हो गया. दुकान वाले ने नाप दे दिया था. फिफ्टी-फाइव का."

"साक्षगंधाच्या आधी," अनुश्री म्हणाली.

"हाँ. मम्मी तो तब ही पसंद कर आई थीं."

कौमुदीबाईंचा हात ताटलीवर थांबला, पण क्षणभरच. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. थोडी नाराजी होती, स्वयंपाक झाकायचा राहून गेला की असते तेवढी.

"काकू," अनुश्री म्हणाली, "तुम्ही माझी पसंती विचारायले बोलावलं होतं. मी चाळीसवाला म्हटलं."

"हव, बेटा. तोच घेतला न."

"मग ही भिंत?"

"ही भिंत तुझ्यासाठीच ठेवली. माहेरची काही तरी आठवण असावी न डोळ्यांपुढे." असं म्हणून त्यांनी करंजीची ताटली माझ्यापुढे धरली. "घ्या, मोठेबाबा. तुमच्याच घरच्या आहेत."

मी घेतली नाही. मला तो तुपाचा वास सहन होईना, आमच्याच घरच्या तुपाचा.

अनुश्री उठली. "हात धुऊन येते," म्हणाली आणि आत गेली. कौमुदीबाई चहा टाकायला वळल्या. आतून नळाचा आवाज येत राहिला, बराच वेळ. उन्हाळ्यात बोटं सुजतात. साक्षगंधाची अंगठी निघायला साबण लागतो. हे मला तेव्हा सुचलं नाही. मी फक्त नळ ऐकत होतो आणि विचार करत होतो की मी आता बोलायला हवं, मोठा मीच आहे, त्या दिवशी बोललो तसं आज बोलायला हवं. आणि मी बोललो नाही. हेही सांगितलं पाहिजे.

अनुश्री बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांवर अजून फेस होता. तिने अंगठी ओढणीला पुसली, कोरडी केली, आणि त्या लाकडी कपाटावर दोन काचेच्या हरणांच्या मधोमध ठेवली. नीट, मधोमध. वर ब्रॅकेट होताच.

"ये क्या है?" अभिनव म्हणाला.

"साक्षगंधाची साडी धुवायले दिली आहे," ती कौमुदीबाईंना म्हणाली. "आली की पाठवते. चला, मोठेबाबा."

"अगं, पण आम्ही मागितलं काय?" कौमुदीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात चिमटा. त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. मला वाटतं त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी स्वतःलाही ते कधी ऐकू दिलं नव्हतं. "मोठेबाबा, तुम्ही तरी सांगा तिले. एका शब्दानं काही मागितलं का आम्ही?"

"नाही," मी म्हणालो. एवढंच निघालं.

परतीच्या रस्त्यावर ती स्कूटी हळू चालवत होती. मी करंज्यांचा डबा तिथेच विसरलो होतो. मग एका मोठ्या, माणूस नसलेल्या चौकात लाल दिवा लागला आणि ती थांबली. आजूबाजूला एकही गाडी नव्हती, तरी थांबली.

"तुम्ही माफी मागायले आलते न?" तिने मागे न पाहता विचारलं.

"हो."

"राहूनच गेली."

"राहिली."

तिचे खांदे हलले. हसत होती की रडत होती, ते मला मागून कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. दिवा हिरवा झाला.

रामकृष्ण माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. मुलीशीही नाही. तिने ब्रॅकेटचं सांगितलं तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला, "साक्षगंधाच्या आधी?" आणि उठून बाहेर गेला. सुशीलाने तिची बाजू घेतली नाही, पण ती साडी तिनेच इस्त्री करून, घडी घालून परत पाठवली.

बातमी पाऱ्यात पोहोचायला वेळ लागला नाही. एका संध्याकाळी मी भाजी घेऊन येत होतो आणि रामकृष्ण माझ्या पुढे चालत होता. मागच्या गल्लीत नाली फुटली होती, म्हणून त्याला हिरालालच्या ओट्यासमोरूनच जावं लागलं.

"सुना, रिश्ता टूट गया, भैया," हिरालाल म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "लड़का तो अच्छा था. क्या हुआ? आप तो बोले थे, वो लोग कुछ मांगे ही नहीं."

रामकृष्ण थांबला. मी मागे उभा होतो. वांग्यांची पिशवी माझ्या बोटांना काचत होती. तो 'पत्रिका नहीं जमी' म्हणेल, किंवा 'लड़की की मर्जी', असं मला वाटलं. आमच्यात असंच म्हणतात. तो थोडा वेळ हिरालालच्या ओट्याकडे पाहत राहिला, त्यावरच्या पानाच्या डागांकडे.

"मांगे थे," तो म्हणाला. "टीव्ही मांगे थे. बड़ा वाला."

"अच्छा," हिरालाल म्हणाले, आणि सरकून त्यांनी ओट्यावर जागा केली. "तो ऐसा बोलिए न. बैठिए."

तो बसला.